वाचक विचारतात: डोक्याच्या मापावरून हुशारी कळते का?

मागच्या अंकात झोपेवर लिहिताना मेंदूचं वजन १३०० ते १४०० ग्रॅमच्या आसपास असतं असं एका ओळीत सांगितलं होतं, आणि सगळ्यात जास्त पत्रं त्या एका ओळीवर आली. कुणाचं डोकं छोटं, कुणाचा मेंदू आक्रसला, हत्तीचा केवढा, मुंगीचा केवढा. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. पत्रं थोडी कापलीत, प्रश्न तसेच ठेवलेत.

प्रश्न: माझी मुलगी ६ महिन्यांची आहे. लसीच्या वेळी सिस्टरने डोक्याचा घेर मोजला, ४१ सेंमी भरला. शेजारच्या त्याच वयाच्या मुलाचा ४३ आहे. तेव्हापासून सासूबाई रोज म्हणतात की पोरीचं डोकं बारीक आहे, हिला शाळा जड जाणार. मालिशवाल्या मावशी डोकं दाबून गोल करतात त्याचा काही फायदा होतो का? खूप टेन्शन आलंय. (एक आई, सातारा जिल्हा)

ताई, आधी टेन्शन सोडा. डब्ल्यूएचओच्या तक्त्यात सहा महिन्यांच्या मुलीचा डोक्याचा घेर सरासरी ४२ सेंमीच्या थोडा वर आहे, आणि साधारण साडेएकोणचाळीसपासून पावणेपंचेचाळीसपर्यंत सगळं नॉर्मल धरतात. तुमची ४१ म्हणजे व्यवस्थित आत आहे. शेजारचा मुलगा आहे ना, मुलग्यांचा तक्ताच वेगळा असतो, त्यांची सरासरी त्या वयाला ४३ च्या वर असते, म्हणजे तोही नॉर्मल आणि तुमची लेकही नॉर्मल, दोघांची तुलना करायचं कारणच नाही. शिवाय तुमचं आणि तुमच्या मिस्टरांचं डोकं टेप लावून मोजून बघा, घरात लहान डोक्याची माणसं असतील तर बाळाचंही तसंच असतं.

घेर मोजतात तो हुशारी बघायला मोजत नाहीत, वाढ बघायला मोजतात. पहिल्या वर्षात डोकं दहा-बारा सेंमीने वाढतं, कारण आतला मेंदू त्या काळात झपाट्याने वाढत असतो. त्यामुळे डॉक्टर एकट्या आकड्याकडे बघत नाहीत, कार्डावरची रेघ कशी चाललीय ते बघतात. रेघ आपल्या पट्ट्यातून चालली असेल तर चिंता नाही. ती मधेच सपाट झाली, किंवा टाळू फार लवकर भरली, किंवा बाळ मान धरत नाही, नजर देत नाही, आवाजाकडे वळत नाही, असं असेल तर मात्र वाट बघायची नाही, लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. खरोखर डोकं फार लहान राहण्याचे आजार असतात, २०१५ मधे ब्राझीलमधे झिका व्हायरसमुळे अशी कितीतरी बाळं जन्मली होती, पण तिथे माप दोन सेंमीने कमी एवढाच प्रकार नव्हता, मेंदूच नीट तयार झालेला नव्हता.

मावशींना डोकं दाबू नका म्हणून स्पष्ट सांगा. कवटीच्या आकाराने आतल्या मेंदूचं काही भलं होत नाही आणि टाळूवर जोर देणं चांगलं नाही. मेंदूसाठी काही करायचंच असेल तर घरात आयोडीनवालं मीठ वापरा, वरचं खाणं सुरू करताना लोहाचं बघा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोरीशी दिवसभर बोला. सासूबाईंनाच सांगा गोष्टी सांगायला, गाणी म्हणायला, त्यांच्या काळजीचा बाळाला तसा उपयोग होईल.

प्रश्न: मी बारावी सायन्सला आहे. मेंदू मोठा म्हणजे बुद्धी जास्त असं असेल तर हत्ती आणि व्हेल माणसापेक्षा हुशार पाहिजेत. सर म्हणाले शरीराच्या प्रमाणात बघायचं. मग उंदराचं काय? (एक विद्यार्थी, लातूर)

तुझा उंदराचा मुद्दा अगदी बरोबर आहे. माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या साधारण चाळिसाव्या-पन्नासाव्या भागाएवढा, उंदराचाही जवळपास तेवढाच, आणि मुंगीचा तर त्याहून कितीतरी मोठा हिस्सा. म्हणजे नुसतं वजन घेतलं तर आठ किलोच्या आसपास मेंदू असलेला स्पर्म व्हेल पहिला येतो, नुसतं प्रमाण घेतलं तर मुंगी. मग १९७३ मधे हॅरी जेरिसन यांनी एक सुधारित हिशोब काढला, एवढ्या आकाराच्या प्राण्याचा मेंदू साधारण किती असायला हवा आणि प्रत्यक्षात किती आहे असा. त्यात माणसाचा आकडा ७ च्या आसपास येतो, डॉल्फिन ४-५, चिंपांझी अडीचच्या जवळ. सर म्हणतात ते हे. वाईट हिशोब नाही, पण त्यात मेंदूच्या आत काय आहे हे कुणी उघडून मोजलेलंच नव्हतं.

ते मोजलं ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांनी. त्यांची पद्धत ऐकून तुला आवडेल. मेंदूतले न्यूरॉन, म्हणजे निरोप नेणाऱ्या पेशी, सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, कुठे दाट कुठे विरळ, त्यामुळे एक तुकडा मोजून बाकीचा अंदाज बांधला की चुकतो. म्हणून त्यांनी रसायनाने घट्ट केलेला मेंदू साबणासारख्या द्रावणात चक्क घोटून त्याचं सूप केलं, पेशींची आवरणं विरघळली आणि फक्त पेशींची केंद्रकं तरंगत राहिली, मग ते नीट ढवळून एकजीव केलं, एक थेंब मायक्रोस्कोपखाली घेतला, न्यूरॉनच्याच केंद्रकांना चिकटणारा रंग टाकला आणि मोजले. असं करून २००९ मधे माणसाचा आकडा आला, ८६ अब्ज. त्याआधी सगळीकडे १०० अब्ज असं छापत होते, मोजलं कुणी नव्हतं.

आता हत्ती. आफ्रिकन हत्तीचा साडेचार किलोच्या वरचा मेंदू त्यांच्या टीमने २०१४ मधे असाच मोजला. न्यूरॉन निघाले २५७ अब्ज, म्हणजे माणसाच्या तिप्पट! पण त्यातले जवळजवळ ९८ टक्के सेरेबेलममधे, मराठीत आपण अनुमस्तिष्क म्हणतो, डोक्याच्या मागे खालच्या बाजूला असतो तो भाग. हालचालींचा ताळमेळ हे त्याचं मुख्य काम, आणि हत्तीची सोंड चालवणं हे किती नाजूक काम आहे ते शेंगदाणा उचलणारा हत्ती ज्याने बघितलाय त्याला कळेल. विचार, आठवणी, पुढचं ठरवणं हे ज्याच्यावर जास्त अवलंबून असतं तो वरचा कॉर्टेक्स, त्यात हत्तीचे ५.६ अब्ज आणि माणसाचे १६ अब्ज. आकाराने हत्तीचा कॉर्टेक्स आपल्या दुप्पट आहे तरी! तरीपण हत्तीला कमी समजू नकोस हं, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमधल्या हॅपी नावाच्या हत्तिणीने २००६ मधे आरशात बघून स्वतःच्या कपाळावरची खूण सोंडेने चाचपली होती, आरशातली मीच आहे हे कळल्याशिवाय ते होत नाही.

आणि कावळा! रेव्हन नावाच्या मोठ्या कावळ्याचा मेंदू १४ ग्रॅम. २०१६ मधे पक्ष्यांचे मेंदू याच सूप पद्धतीने मोजले तेव्हा रेव्हनच्या पुढच्या मेंदूत १२० कोटी न्यूरॉन सापडले. ५२ ग्रॅम मेंदू असलेल्या कॅप्युचिन माकडाच्या कॉर्टेक्समधे जवळपास तेवढेच आहेत. पक्ष्यांचे न्यूरॉन बारीक आणि खच्चून भरलेले असतात म्हणून एवढ्याशा जागेत बसतात. गच्चीवर पोळीचा तुकडा पाण्यात बुडवून खाणारा आपला कावळा याच कुळातला.

बरं संख्येवरच सगळं ठरतं का, तर तेही नाही. मधमाशी-भुंग्यांच्या मेंदूत जेमतेम १० लाख न्यूरॉन. लंडनमधे लार्स चिटका यांच्या लॅबमधे २०१७ साली भुंगामाश्यांना छोटा बॉल ढकलत नेऊन मधल्या खळग्यात टाकला की साखरपाणी मिळेल असं शिकवलं. आधी शिकलेल्या माशीला बघून बाकीच्या शिकल्या, इथपर्यंत ठीक, पण शिकलेली माशी तीनपैकी सगळ्यात लांबचा बॉल आणत होती कारण तिच्या वेळी जवळचे चिकटवलेले होते, आणि बघणाऱ्या माश्यांनी संधी मिळाल्यावर बहुतेक वेळा जवळचा बॉल घेतला. म्हणजे नुसती नक्कल नाही, बॉल तिथे पोचवायचाय हे त्यांना समजलं आणि त्यांनी सोपा रस्ता काढला. मोहरीएवढासुद्धा नसलेल्या मेंदूत हे होतं हे वाचल्यापासून मी माशीकडे पूर्वीसारखं बघू शकत नाही.

तेव्हा परीक्षेत उत्तर लिहिताना असं लिही, एकूण वजन नाही, शरीराशी प्रमाणही पुरेसं नाही, कुठल्या भागात किती न्यूरॉन आहेत आणि ते एकमेकांना कसे जोडलेत हे बघावं लागतं. मार्क कापले तर हत्तीचे आकडे सरांना दाखव.

प्रश्न: वडिलांचं वय ७२. चक्कर आली म्हणून एमआरआय केला, रिपोर्टमधे एज रिलेटेड सेरेब्रल अॅट्रोफी लिहिलंय. गुगल केलं तर मेंदू आक्रसला असं येतंय. बाबा पेपर वाचतात, बँकेचं स्वतः बघतात. हा डिमेन्शिया आहे का? (एक मुलगा, नाशिक)

नाही, एवढ्यावरून अजिबात नाही. चाळिशीनंतर सगळ्यांचाच मेंदू हळूहळू आकाराने कमी होत जातो, माझाही होतोय, आणि सत्तरीतल्या माणसाच्या रिपोर्टमधे ही ओळ इतकी कॉमन आहे की ती नसली तर मला नवल वाटेल. एज रिलेटेड म्हणजे वयाच्या मानाने अपेक्षित एवढाच अर्थ. डिमेन्शिया फोटोवरून ठरत नाही, माणूस रोजचं कसं निभावतो त्यावरून ठरतो. ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत परत विचारणं, पैशाच्या व्यवहारात आधी नव्हता असा गोंधळ, स्वभाव एकदम बदलणं, असं काही दिसलं तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा. बाबा बँकेचं स्वतः बघतायत हे त्या रिपोर्टपेक्षा मोठं सर्टिफिकेट आहे. चक्करेचं कारण मात्र वेगळं शोधा, आणि एकदा बी-१२, थायरॉइड आणि कान तपासून घ्या, शाकाहारी घरात बी-१२ कमी असणं फार बघायला मिळतं आणि ते भरून काढता येतं. ऐकू कमी येत असेल तर मशीन घ्यायला लावा, बाबा नाही म्हणतील तरी.

प्रश्न: आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, पुरुषांचा मेंदू बायकांपेक्षा १० टक्के मोठा असतो हे सायन्सने सिद्ध झालंय म्हणून. खाली हसणारे स्मायली. माझी भाची इंजिनिअरिंगला जायचं म्हणतेय आणि तिच्या वडिलांनीच हा मेसेज टाकलाय. काय उत्तर देऊ? (एक मावशी, पुणे)

आकडा खरा आहे, निष्कर्ष खोटा आहे. पुरुषांचा मेंदू सरासरीने दहा-अकरा टक्के मोठा असतो, बुद्धिमापनाच्या चाचण्यांत मात्र दोघांच्या एकूण सरासरीत तसा फरक येत नाही. हे तेवढं लिहून पाठवलंत तरी चालेल. पण मला यावर सविस्तर लिहायचंय कारण हा मेसेज दीडशे वर्षं जुना आहे आणि त्याने फार लोकांचं नुकसान केलंय.

पॅरिसमधे पॉल ब्रोका नावाचे मोठे डॉक्टर होते, बोलण्याची क्षमता मेंदूच्या ज्या भागात असते तो त्यांनीच दाखवून दिला, आजही त्याला ब्रोकाचा भाग म्हणतात. त्यांनी हॉस्पिटलमधे मेलेल्या माणसांचे मेंदू तोलले, पुरुषांची सरासरी १३२५ ग्रॅम, बायकांची ११४४. बायका उंचीने, वजनाने लहान असतात हे त्यांना माहीत होतं, तरी फरकाचा काही भाग बुद्धीचाच असणार असं त्यांनी धरलं, कारण बायकांची बुद्धी कमी असते हे त्यांनी आधीच गृहीत धरलेलं होतं. मग तेच आकडे घेऊन पुढच्यांनी बायकांना उच्चशिक्षण देऊच नये असं लिहिलं. इतका हुशार माणूस, इतकी काळजीपूर्वक मापं, आणि उत्तर आधीच ठरलेलं. मला याचा राग येतो.

याला उत्तर दिलं ते बायकांनीच, आणि टेप हातात घेऊन. अॅलिस ली लंडनला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्याकडे संशोधन करत होत्या. १८९८ मधे डब्लिनला शरीररचनाशास्त्रज्ञांची सभा भरली होती, तिथल्या ३५ नामांकित पुरुष शास्त्रज्ञांच्या डोक्यांच्या मापांवरून त्यांनी प्रत्येकाच्या कवटीची क्षमता काढली आणि क्रमाने यादी लावली. त्यातले काही अतिशय गाजलेले लोक यादीत तळाला गेले! आणि त्यांच्याच पाहणीतल्या काही कॉलेजकन्यकांची डोकी काही प्राध्यापकांपेक्षा मोठी निघाली. आता या प्राध्यापकांना बुद्धी कमी म्हणणार होतं कोण?

दुसरी आपली, इरावती कर्वे. धोंडो केशव कर्व्यांची सून. १९२८ च्या सुमाराला त्या बर्लिनला पीएचडीला गेल्या, गाईड होते ऑयगेन फिशर, ज्यांची संस्था पुढे नाझींच्या वंशवादाला शास्त्राचा आधार पुरवत राहिली. त्यांनी विषय दिला कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूतल्या फरकाचा, अपेक्षा ही की युरोपियन माणसाच्या कवटीत पुढच्या बाजूला उजवीडावीत जो फरक असतो तो बाकीच्या वंशांत नसतो आणि म्हणून युरोपियन जास्त तर्कशुद्ध विचार करतात. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या, त्यात जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधून आणलेल्याही होत्या. परका देश, परकी भाषा, समोर एवढा वजनदार गाईड आणि आपण गुलाम देशातली एक विशीतली मुलगी. तरी त्यांनी लिहिलं ते आकड्यांनी सांगितलं तेच, की कवटीच्या या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही. मग परत येऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी आयुष्यभर मानवशास्त्र शिकवलं. तुमच्या भाचीला हे नक्की सांगा, तिच्याच गावातली गोष्ट आहे.

आता प्रामाणिकपणे उरलेलंही सांगते, नाहीतर ग्रुपवर कुणीतरी गुगल करून दाखवेल. जिवंत माणसांचे एमआरआय काढून मेंदूचा आकार आणि आयक्यू यांचा संबंध तपासलाय, २०१५ मधे ८८ अभ्यास, ८ हजारांवर माणसं एकत्र करून बघितलं तर संबंध आहे, पण पूर्ण जुळणीला १ धरलं तर ०.२४ एवढाच. म्हणजे माणसामाणसात आयक्यूचा जो फरक पडतो त्यातला फार तर ६ टक्के आकाराशी जुळतो, बाकीचा ९४ टक्के नाही. एका माणसाचं डोकं बघून त्याच्याबद्दल काहीही सांगता येत नाही. आइनस्टाइनचा मेंदू १९५५ मधे काढून तोलला तो १२३० ग्रॅम भरला, सरासरीपेक्षा कमीच. रशियन लेखक तुर्गेनेव्हचा २ किलोच्या वर आणि नोबेल मिळवणाऱ्या फ्रेंच लेखक अनातोल फ्रान्सचा १ किलोच्या जरासा पुढे. नामशेष झालेल्या निअँडरथल माणसाचा मेंदू आपल्याएवढा किंवा थोडा मोठाच होता. भाचीच्या वडिलांना हे सगळं एका मेसेजमधे पाठवा, आणि खाली लिहा की अॅडमिशनचा फॉर्म भरायची शेवटची तारीख बघून ठेवा.

प्रश्न: आपण मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो हे खरं आहे का? आमच्या इथे एक मेमरी क्लासवाले तसं सांगून २० हजार फी घेतात. (एक पालक, अकोला)

साफ खोटं. झोपेतसुद्धा मेंदूचा जवळजवळ प्रत्येक भाग काही ना काही करत असतो. शरीराच्या वजनाच्या २ टक्के असलेला हा अवयव आपल्या ऊर्जेतली सुमारे २० टक्के खातो, ९० टक्के रिकामा पडून राहणारा अवयव एवढा खर्च करत नाही. वीस हजार वाचवा, मुलाला झोपू द्या आणि पुस्तकं घेऊन द्या.

प्रश्न: मी १४ वर्षं आयसीयूत नर्स आहे. मेंदूचा बराच भाग गेलेले पेशंट शुद्धीवर असतात आणि सीटीवर फारसं काही दिसत नाही असे कोमात असतात, याचं मला कोडं पडतं. जाणीव मेंदूच्या कुठल्या भागात असते? किती मेंदू शिल्लक असला तर ती राहते? आणि बेशुद्ध पेशंटला आपलं बोलणं कळतं का? (एक सिस्टर, छत्रपती संभाजीनगर)

सिस्टर, तुम्ही रोज डोळ्यांनी बघता तेच या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण आहे. बुद्धीच्या बाबतीत आकाराचा निदान थोडा तरी संबंध लागतो, जाणिवेच्या बाबतीत किती मेंदू हा प्रश्नच फारसा कामाला येत नाही.

साधं बघा ना, ऑपरेशनच्या टेबलावर प्रोपोफॉल हे भुलीचं औषध गेलं की अर्ध्या-पाऊण मिनिटात माणूस नाहीसा होतो. मेंदू एक ग्रॅमने कमी झाला नाही, सगळे न्यूरॉन जिथल्या तिथे जिवंत आहेत, रक्त पोचतंय, हृदय चालू आहे. तरी आत कुणी नाही. काही तासांनी तोच मेंदू, तोच माणूस परत, आणि त्याला वाटतं आत्ताच तर डोळे मिटले होते.

उलट बाजूने बघा. काही मुलांना रासमुसेन एन्सेफलायटिस नावाचा आजार होतो, फिट्स थांबतच नाहीत, शेवटी मेंदूचा अर्धा भाग काढावा लागतो किंवा तोडून वेगळा करावा लागतो. ती मुलं शुद्धीवर असतात, बोलतात, चालतात, शाळेत जातात, एक हात कमजोर राहतो आणि एका बाजूचं दिसत नाही, पण मूल तेच असतं. आणि ब्रेनस्टेमच्या, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाच्या, वरच्या भागात सेंटीमीटरभर रक्तस्राव झाला तर अख्खा कॉर्टेक्स शाबूत असून माणूस कोमात जातो, कारण बाकीच्या मेंदूला जागं ठेवणाऱ्या पेशींचं जाळं तिथे आहे. मोरुझी आणि मॅगून यांनी हे १९४९ मधेच दाखवलं होतं. तुमच्या सीटीवर फारसं काही दिसत नाही अशातले काही पेशंट हे असतात, आणि काहींच्यात आतले लांबचे धागे ताणून तुटलेले असतात जे साध्या सीटीवर दिसत नाहीत.

याहून चकित करणारं सांगते. ८६ अब्जांपैकी ६९ अब्ज न्यूरॉन, म्हणजे पाचातले चार, सेरेबेलममधे आहेत. २०१४ मधे चीनच्या शांडोंग प्रांतात एक २४ वर्षांची बाई चक्कर आणि मळमळ म्हणून हॉस्पिटलात आली, स्कॅन केला तर सेरेबेलमची जागा रिकामी, नुसतं पाणी. जन्मापासूनच नव्हता. तिला चालायला सातवं वर्ष लागलं होतं, बोलणं थोडं जड, पण लग्न झालेलं, एक मुलगी, आणि जाणीव पूर्ण. संख्येवर जाणीव अवलंबून असती तर हे झालं नसतं. याचं कारण बहुतेक जोडणीत आहे. सेरेबेलममधले न्यूरॉन एसटी स्टँडवरच्या तिकीट खिडक्यांसारखे, प्रत्येक खिडकी आपल्या रांगेचं काम चोख करते पण शेजारच्या खिडकीत काय चाललंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. कॉर्टेक्स आणि मधला थॅलॅमस यांचं तसं नाही, तिथे सगळे भाग सारखे एकमेकांकडे निरोप पाठवतात आणि उलट निरोप घेतात.

हे मोजूनही बघितलंय. इटलीत मार्चेल्लो मास्सिमिनी यांच्या टीमने डोक्यावर चुंबकाचा एक हलका धक्का द्यायचा आणि ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या तपासणीत, त्याचे पडसाद बघायचे अशी पद्धत काढली. जाग्या माणसात तो धक्का मेंदूभर फिरतो, वेगवेगळ्या भागांतून वेगवेगळी उत्तरं येतात. गाढ झोपेत किंवा प्रोपोफॉलखाली तो आहे तिथेच उमटतो आणि विझतो. आणि स्वप्न पडतं त्या झोपेत परत पसरायला लागतो! मला हे फार सुंदर वाटतं. शरीर निपचित आहे पण आत कुणीतरी काहीतरी अनुभवतंय, आणि ते ईईजीवर दिसतंय.

पण मग एवढ्या निरोपांच्या देवाणघेवाणीतून वेदना, गुलाबाचा वास, मी आहे ही भावना का तयार होते, ते अजून कुणालाच सोडवता आलेलं नाही. १९९८ मधे मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली नेमकी खूण सापडेल. २०२३ मधे न्यूयॉर्कला भर सभेत कॉख पैज हरले आणि वाइनचा खोका देऊन टाकला.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. २००६ मधे एड्रियन ओवेन यांनी केंब्रिजला अपघातानंतर काहीच प्रतिसाद न देणाऱ्या एका २३ वर्षांच्या मुलीला स्कॅनरमधे ठेवून सांगितलं, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर. शरीर हललं नाही, पण मेंदूचा तोच भाग उजळला जो निरोगी माणसात उजळतो. घरात फिरतेयस असं सांगितल्यावर दुसरा भाग. ती ऐकत होती, समजत होती, आणि ठरवून करत होती. २०२४ मधे वेगवेगळ्या देशांतल्या हॉस्पिटलांनी मिळून वरून काहीच प्रतिसाद न देणारे २४१ पेशंट असेच तपासले, त्यातल्या ६० जणांनी, म्हणजे चारातल्या एकाने, सांगितलेलं आतल्या आत केलं. जीसीएस, म्हणजे शुद्ध किती आहे याचे मार्क, आपण वागण्यावरून काढतो, डोळे उघडले का, हात हलला का. आत कुणी आहे की नाही हे त्यातून नेहमी कळत नाही.

म्हणून सिस्टर, प्रत्येक बेशुद्ध पेशंटशी त्याला कळतंय असं धरूनच बोला. आता कूस बदलते, आता सक्शन करते, थोडं दुखेल. बेडपाशी उभं राहून नातेवाईक खर्चाचं, वाटणीचं बोलत असतील तर त्यांना बाहेर न्या. आणि ज्युनिअर मुलींना हे शिकवा, एवढ्या वर्षांच्या अनुभवाने तुम्ही सांगाल ते त्या ऐकतील.

प्रश्न: आमच्याकडे कुर्ल्या जिवंतच उकळत्या पाण्यात टाकतात, काहीजण आधी नांग्या मोडून घेतात. माझी ८ वर्षांची मुलगी बघून रडली, म्हणाली तिला दुखत असेल. मी म्हटलं तिला मेंदूच नसतो. बरोबर सांगितलं ना? (एक वाचक, मालवण)

मेंदू असतो, अगदी छोटा, आणि शिवाय पोटाच्या बाजूला मज्जातंतूंचा दुसरा मोठा गोळा असतो. आणि मुलगी बहुतेक बरोबर बोलली.

बेलफास्टला रॉबर्ट एलवूड यांनी शंखात राहणाऱ्या खेकड्यांवर प्रयोग केले. शंखात हलका विजेचा झटका दिला की काही खेकडे शंख सोडून बाहेर येत. ही नुसती आपोआप होणारी झटापट असती तर शंख कुठला याने फरक पडला नसता. पण आवडता शंख असेल तर खेकडा झटका सोसून आत राहायचा, नावडता असेल तर लवकर सोडायचा. म्हणजे त्रास किती आणि घर किती चांगलं याचा तो हिशोब करत होता. अशा कितीतरी अभ्यासांचा आढावा घेऊन ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे, शेवंडं, कोळंबी आणि ऑक्टोपस यांना भावना असलेले प्राणी म्हणून धरलं. शेवंडं जिवंत उकळायला स्वित्झर्लंडमधे २०१८ पासून बंदी आहे. खेकड्याला आपल्यासारखीच वेदना होते असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण होत नाही असं म्हणायला आता आधार राहिलेला नाही, आणि मेंदू छोटा आहे हा तर आधार नाहीच.

मी कुर्ल्या खाऊ नका म्हणत नाही, कोकणात राहून ते सांगणंही बरोबर नाही. एवढं करा. बर्फ आणि खारं पाणी एकत्र करून त्यात कुर्ली निदान वीस मिनिटं पूर्ण बुडवून ठेवा, सगळी हालचाल थांबू द्या, डोळ्याला हात लावला तरी हलत नाही याची खात्री करा, मग मोठ्या धारदार सुरीने मधोमध एका फटक्यात दोन भाग करा, नांग्या त्यानंतर काढा. जिवंतपणी नांग्या मोडणं तर आजपासून बंदच करा. रस्सा तसाच लागतो. आणि मुलीला सांगा की तू विचारलंस म्हणून आपण पद्धत बदलली.